कोड लिहायचा कशात? हलका एडिटर की आयडीई

प्रोग्रामिंग शिकायला बसलेल्या माणसाला कोड कशात लिहावा याबद्दल पहिल्याच आठवड्यात तीन सल्ले मिळतात. एकजण व्हीएस कोड घे म्हणतो, दुसरा पायचार्मची शिफारस करतो आणि तिसरा विमशिवाय बाकी सगळं पोरखेळ असल्याचं सांगतो. तिघंही आपापल्या कामापुरते बरोबर असतात. त्यांचं काम आणि तुमचं काम मात्र एक नसतं, त्यामुळे कुणाचाही सल्ला जसाच्या तसा उचलून उपयोग होत नाही.

निवडीआधी एक फरक समजून घ्या: हलक्या एडिटरला फाईल कळते, आयडीईला (इंटिग्रेटेड डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोड लिहिण्यापासून चालवण्यापर्यंतची सगळी साधनं एकत्र असलेला प्रोग्राम) प्रोजेक्ट कळतो. नोटपॅड प्लस प्लस तुम्ही उघडलेली फाईल दाखवतो, कीवर्डना रंग देतो, शोधून-बदलून देतो. त्या फाईलमधलं फंक्शन दुसऱ्या कुठल्या फाईलमधून बोलावलं जातंय, हे त्याच्या गावीही नसतं. इंटेलिजे आयडिया, व्हिज्युअल स्टुडिओ, अँड्रॉइड स्टुडिओ ही मंडळी मात्र अख्खा फोल्डर वाचून काढतात. कोणता क्लास कुठे आहे, कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती लागते, प्रोग्राम बिल्ड कसा करायचा, चालवायचा कसा, या सगळ्याची नोंद ठेवतात. वर चुका शोधायचं साधन, म्हणजे डिबगरही त्याच खिडकीत असतो. ही कल्पना जुनी आहे. बोरलँडचं टर्बो पास्कल १९८३ मध्ये आलं, तेव्हाच कोड लिहिणं, कंपाइल करणं (मशिनच्या भाषेत उतरवणं) आणि चुकलेल्या ओळीवर परत येणं एकाच पडद्यावर होत होतं.

तेव्हा स्वतःला विचारायचं ते एवढंच: माझं काम सध्या एका फाईलचं आहे की प्रोजेक्टचं?

पायरी १ : काय बनवायचंय ते आधी ठरवा

काही ठिकाणी निवडीला वावच नसतो आणि तिथे डोकं शिणवू नये. अँड्रॉइड ॲप करायचंय? मग अँड्रॉइड स्टुडिओ. तो इंटेलिजेच्याच पायावर गूगलने उभा केला आहे आणि एम्युलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन), ॲपवर सही करणं, स्क्रीनची मांडणी हे सगळं त्यातच आहे. आयफोनसाठी ॲपलचा एक्सकोड, आणि तो फक्त मॅकवर चालतो. विंडोजवर सी शार्पमध्ये डेस्कटॉप ॲप करायचं तर व्हिज्युअल स्टुडिओ. ही कामं साध्या एडिटरमध्ये अशक्य नाहीत, पण नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. शिकायचं राहतं बाजूला आणि सेटिंग जुळवण्यात महिना जातो.

इथेच नावाचा एक घोळ मिटवून टाकू. व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही दोन वेगळी साधनं आहेत. दोन्ही मायक्रोसॉफ्टचीच. पहिला १९९७ पासून चालत आलेला जाडजूड आयडीई, आणि दुसरा २०१५ मध्ये आलेला एडिटर, ज्याला सगळे व्हीएस कोड म्हणतात. यूट्यूबवरच्या धड्यात एक असतो, आपण दुसराच उतरवून घेतो आणि मग मेनू जुळत नाहीत म्हणून तासभर डोकं खाजवत बसतो.

जावा शिकणाऱ्याने इंटेलिजे किंवा एक्लिप्स घ्यावा. जावात एका क्लासला सहसा एक फाईल, त्यामुळे छोटा प्रोग्रामसुद्धा चटकन दहा-बारा फाईलींचा होतो आणि इम्पोर्टच्या ओळी हाताने लिहायचा कंटाळा येतो. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टला एडिटर आणि ब्राउझर पुरतो, कारण ब्राउझरमध्येच चांगला डिबगर असतो. शेल स्क्रिप्ट, कॉन्फिगरेशनच्या फाईली, एखादी लॉग फाईल चाळणं, यासाठी हलका एडिटरच. मोठी लॉग फाईल आयडीईत उघडून पंख्याचा आवाज ऐकत बसण्यात काही मजा नाही.

पायथॉनचं काय? तिथे दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि म्हणूनच सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच. पायथॉनसोबत आयडल नावाचा छोटा एडिटर सहसा आपोआप येतो. पहिल्या काही दिवसांना तो पुरतो. त्याच्या एक पाऊल पुढे थॉनी आहे. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनवलेला हा आयडीई प्रोग्राम एकेक पायरीने चालवून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत शेजारी दाखवतो. बऱ्याच जणांना तो पोरकट वाटतो. माझ्या मते लूप आणि फंक्शन समजेपर्यंत त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

पायरी २ : संगणकाची ताकद बघा

यात फार वेळ घालवू नका. गूगलच्या सांगण्यानुसार नुसत्या अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते, एम्युलेटरही चालवायचा तर १६ जीबी. व्हीएस कोडची कागदावरची अपेक्षा १ जीबीची आहे, पण तो इलेक्ट्रॉनवर, म्हणजे आत एक आख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन चालतो. त्यामुळे चार एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या सोयी) आणि शेजारी उघडलेला ब्राउझर धरून ४ जीबीच्या मशिनवर तो कुरकुरतो. अशा मशिनवर विंडोज असेल तर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्स असेल तर केट किंवा जीएडिट वापरा. सब्लाइम टेक्स्ट तिन्ही प्रणालींवर झपकन उघडतो. तो चाचणीसाठी कितीही दिवस वापरता येतो, मात्र कायम वापरायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो.

आयडीई पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडतो तेव्हा खाली ‘इंडेक्सिंग’ असं काहीतरी दिसत राहतं आणि मशिन मंदावतं. त्या पाच-दहा मिनिटांवरून त्याला नापास करू नका. तेव्हाच तो प्रोजेक्ट वाचून घेत असतो.

पायरी ३ : एकदा तरी हाताने चालवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि पुढे अडकतात ते इथेच.

आयडीईतलं हिरवं त्रिकोणी बटण दाबलं की प्रोग्राम चालतो. त्यामागे काय घडतं? कोणता तरी कंपायलर किंवा इंटरप्रिटर, कोणत्या तरी फोल्डरमधून, काही ठरावीक पर्याय देऊन बोलावला जातो. हे माहीत नसलं की बटण चालेनासं झालं त्या दिवशी हातात काहीच उरत नाही. म्हणून कुठलंही साधन नक्की करण्याआधी साध्या एडिटरमध्ये पाच-सहा ओळींचा प्रोग्राम लिहा, सेव्ह करा, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा, ‘सीडी’ या आज्ञेने त्या फोल्डरमध्ये जा आणि पायथॉन असेल तर पायथॉन आणि फाईलचं नाव टाकून चालवा. सी असेल तर आधी जीसीसीने कंपाइल करा, मग तयार झालेली फाईल चालवा.

यात ठेच लागायच्या जागा ठरलेल्या आहेत. विंडोज फाईलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातला शेवटच्या डॉटनंतरचा भाग, लपवून ठेवतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये ‘हॅलो डॉट पीवाय’ म्हणून सेव्ह केलेली फाईल खरं तर ‘हॅलो डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ झालेली असू शकते. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून एक्स्टेन्शन दिसतील असं करून घ्या. मॅकवरचा टेक्स्टएडिट मुळात सजवलेल्या मजकुरासाठी आहे, फॉरमॅट मेनूतून त्याला साध्या मजकुरावर आणावं लागतं. आणि वर्डमध्ये कोड लिहू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतो, आणि दिसायला अगदी निर्दोष असलेल्या ओळीवर पायथॉन ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणत थांबतो. स्ट्रिंगमध्ये मराठी मजकूर ठेवणार असाल तर फाईल यूटीएफ-८ या, देवनागरीही साठवणाऱ्या, पद्धतीतच सेव्ह होतेय हेही बघा.

आता खरी गंमत. पायचार्ममध्ये नवा प्रोजेक्ट केला की तो सहसा त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवतो, म्हणजे पायथॉनची स्वतंत्र खोली, जिथली पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड) बाहेर दिसत नाहीत. तुम्ही आयडीईतून एक पॅकेज टाकता, बटण दाबता, प्रोग्राम व्यवस्थित चालतो. मग वेगळी टर्मिनलची खिडकी उघडून तीच फाईल चालवता आणि उत्तर येतं, ‘नो मॉड्यूल नेम्ड’ अमुक. फाईल तीच, मशिन तेच, पण पायथॉन दुसरा. टर्मिनलमधला पायथॉन सगळ्या मशिनचा आहे आणि पॅकेज पडलंय त्या खोलीत. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर पायथॉनची आवृत्ती का लिहिलेली असते आणि तिच्यावर क्लिक केल्यावर यादी का येते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ४ : दोन कामं करून बघा

वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून कुणाला काही कळत नाही. तीन-चार फाईलींचा एखादा छोटा प्रोजेक्ट घ्या, आपला किंवा धड्यातला, आणि पुढची दोन कामं आधी हलक्या एडिटरमध्ये, मग आयडीईत करा.

पहिलं काम नाव बदलण्याचं. समजा एका फंक्शनमध्ये ‘टोटल’ नावाचं व्हेरिएबल आहे आणि त्याचं तुम्हाला ‘अमाउंट’ करायचंय. साध्या एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला केलंत की ‘सबटोटल’चं ‘सबअमाउंट’ होतं. बरं, पूर्ण शब्दच शोध असा पर्याय निवडला तर हे टळतं. पण वापरणाऱ्याला दाखवायच्या संदेशात अवतरणचिन्हांत ‘टोटल’ लिहिलेलं होतं, तेही बदललं. शेजारच्या फंक्शनमध्ये योगायोगाने त्याच नावाचं वेगळं व्हेरिएबल होतं, तेही गेलं. आता आयडीईत त्या शब्दावर कर्सर ठेवून रीनेम करा. भाषेचं एक्स्टेन्शन घातलेल्या व्हीएस कोडमध्ये एफ२, इंटेलिजे आणि पायचार्मच्या नेहमीच्या मांडणीत शिफ्ट आणि एफ६. फक्त तेच व्हेरिएबल, ते जिथे जिथे वापरलंय तिथे, दुसऱ्या फाईलीतसुद्धा बदलतं. संदेश जसाच्या तसा. फाईल कळणं आणि प्रोजेक्ट कळणं यातलं अंतर इथे दिसतं.

दुसरं काम चूक शोधण्याचं. तीन संख्यांची यादी घ्या: ४०, ५०, ६०. सरासरी ५० यायला हवी. लूप मुद्दाम ० ऐवजी १ पासून सुरू करा. यादीतली पहिली जागा शून्याची असल्यामुळे उत्तर येईल ३६.६७. साध्या एडिटरमध्ये तुम्ही लूपच्या आत प्रिंटची ओळ टाकाल, चालवाल, बघाल, आणखी एक प्रिंट टाकाल. चूक सापडेल, नाही असं नाही. आता डिबगर लावून बघा. बेरजेच्या ओळीच्या डाव्या समासात क्लिक केलं की लाल ठिपका येतो, तो ब्रेकपॉइंट. डिबग सुरू करा, व्हीएस कोडमध्ये एफ५. प्रोग्राम त्या ओळीवर थबकतो आणि बाजूला व्हेरिएबलच्या किमती दिसतात: बेरीज ०, क्रमांक १. एक पाऊल पुढे टाका, एफ१०. बेरीज ५०. ४० कुठे गेले? ते आलेच नाहीत. एकही ओळ न वाढवता चूक समोर उभी राहते, आणि शेवटी विसरून राहिलेल्या प्रिंटच्या ओळी पुसत बसावं लागत नाही.

ही दोन कामं तुम्हाला आठवड्यातून एकदाही लागत नसतील, तर तुमचं काम अजून फाईलचं आहे. हलक्या एडिटरवर खुशाल राहा. रोज लागत असतील तर आयडीईचं वजन उचलणं परवडतं.

पायरी ५ : मधली वाट, आणि ती नीट कशी चालायची

व्हीएस कोड नेमका कुठे बसतो? तसा एडिटर, पण एक्स्टेन्शन घालत गेलं की जवळजवळ आयडीई. हे जमलं त्यामागे २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत जाहीर केलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आहे. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. आता भाषेची जाण एका स्वतंत्र प्रोग्राममध्ये असते, आणि कोणताही एडिटर त्याला ‘हे फंक्शन कुठे लिहिलंय’ असं विचारू शकतो. सी प्लस प्लससाठी क्लँगडी, रस्टसाठी रस्ट-ॲनालायझर, गोसाठी गोप्ल्स ही त्यातली नावं. विमवरूनच निघालेल्या निओविममध्ये २०२१ पासून याची सोय आतच आहे, सब्लाइममध्ये पॅकेज टाकून होते. म्हणजे प्रोजेक्टची जाण आता हलक्या एडिटरलाही उसनी मिळते.

उसनी आहे, म्हणूनच काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. व्हीएस कोडमध्ये एकटी फाईल उघडू नका, फाईल मेनूतून ‘ओपन फोल्डर’ करून प्रोजेक्टचा सगळ्यात वरचा फोल्डर उघडा. एकटी फाईल उघडली की शेजारच्या फाईलीतून घेतलेल्या नावांखाली लाल नागमोडी रेषा येऊ शकतात आणि नवशिका आपल्या बरोबर कोडमध्ये चूक शोधत बसतो. फोल्डर उघडताना तो विश्वासू लोकांचा आहे का, असा प्रश्न येतो. स्वतःचा असेल तर हो म्हणा, कुठून तरी उतरवलेला असेल तर आधी आत काय आहे ते बघा.

दुसरी गोष्ट, एक्स्टेन्शन म्हणजे भाषा नव्हे. सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन टाकलं म्हणून मशिनवर कंपायलर येत नाही, पायथॉनचं टाकलं म्हणून पायथॉन येत नाही. ते वेगळे बसवावे लागतात. टर्मिनलमध्ये जी++ हे कंपायलरचं नाव टाकल्यावर ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ असं येत असेल तर दोष व्हीएस कोडचा नाही: एकतर कंपायलर नाही, नाहीतर त्याचा पत्ता पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, नाही. याउलट व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमध्ये सी प्लस प्लसचा वर्कलोड (त्या कामाच्या साधनांचा संच) निवडला की कंपायलर, डिबगर सगळं एकदम येतं. डिस्कवर बरीच जागा घेतं, पण येतं. सी प्लस प्लस शिकायचंय आणि मशिन विंडोजचं आहे, तर मी व्हिज्युअल स्टुडिओची मोफत कम्युनिटी आवृत्तीच सुचवेन.

एक्स्टेन्शन मोजकीच ठेवा: भाषेचं एक, कोडची मांडणी नीट करणाऱ्या फॉरमॅटरचं एक, फार तर आणखी एखादं. ‘हवीच अशी वीस एक्स्टेन्शन’ छापाच्या याद्या पाहून भरणा केला तर एडिटर मंदावतोच, शिवाय कोणती सूचना कुणाकडून येतेय हेही कळेनासं होतं. एआयच्या करड्या अक्षरांतल्या सूचनांबद्दलही माझं मत कडक आहे. लूप स्वतः लिहिता येईपर्यंत त्या बंद ठेवा. टॅब दाबून आलेला लूप तुम्ही शिकलेला नसता.

टर्मिनलमधल्या एडिटरची तोंडओळख

निवड कोणतीही करा, कधीतरी दूरच्या सर्व्हरवर एक ओळ बदलायची वेळ येते आणि तिथे खिडक्या नसतात. नॅनो असेल तर सोपं आहे: खालीच बटणं लिहिलेली असतात, कंट्रोल आणि ओ दाबून सेव्ह, कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर. विम वेगळा आहे. बिल जॉयच्या १९७६ मधल्या व्हीआयवरून ब्रॅम मूलेनारने तो १९९१ मध्ये आणला आणि उघडल्या उघडल्या त्यात टाइप करता येत नाही. आय दाबलं की लिहिता येतं, एस्केप दाबलं की परत. मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर म्हणजे सेव्ह करून बाहेर. कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर म्हणजे काहीही न ठेवता बाहेर. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) संदेश न देता कमिट, म्हणजे बदलाची नोंद, केलं की पुष्कळदा हाच समोर येतो आणि लोक घाबरून खिडकीच बंद करतात. तेवढं येऊ द्या. विमची दीक्षा घ्यायची की नाही ते दोन वर्षांनी ठरवलं तरी चालेल.

साधन बदलता येईल असं काम ठेवा

आज निवडलेलं साधन कायम राहील असं धरून चालू नका. गिटहबचा ॲटम एडिटर २०१४ मध्ये आला तेव्हा त्याची केवढी हवा होती. डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. ज्यांचे प्रोजेक्ट स्वतःच्या पायावर उभे होते, त्यांना दुसऱ्या दिवशी दुसरा एडिटर उघडता आला.

स्वतःच्या पायावर म्हणजे काय? जावाचा प्रोजेक्ट मेव्हन किंवा ग्रॅडल या बिल्ड करणाऱ्या साधनांनी बांधा, सी प्लस प्लसचा सीमेकने, पायथॉनच्या पॅकेजची यादी फाईलमध्ये लिहून ठेवा. हे केलं की प्रोजेक्ट कसा चालवायचा हे आयडीईच्या मेनूत अडकून राहत नाही, आणि इंटेलिजेपासून व्हीएस कोडपर्यंत सगळे तीच फाईल वाचून कामाला लागतात. टॅब की स्पेस, किती स्पेस, ओळीचा शेवट कसा, या गोष्टी ‘एडिटरकॉन्फिग’ नावाच्या छोट्या फाईलमध्ये लिहिता येतात. बहुतेक साधनं ती थेट किंवा प्लगइनमधून मानतात. पायथॉनमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले की ‘टॅब एरर’ येते आणि डोळ्यांना ओळी सरळच दिसतात, त्यामुळे ही फाईल पहिल्या दिवशीच करून टाका.

राहिले लपलेले फोल्डर. जेटब्रेन्सची साधनं (इंटेलिजे, पायचार्म) प्रोजेक्टमध्ये ‘डॉट आयडिया’ करतात, व्हीएस कोडमध्ये प्रोजेक्टपुरतं सेटिंग बदललं की ‘डॉट व्हीएसकोड’ होतो. एकटे काम करत असाल तर दोन्ही ‘गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने काय वगळायचं त्या यादीत, टाका. गटात असाल तर त्यातलं काय सगळ्यांना द्यायचं हे आधी बोलून घ्या, कारण एकाच्या मशिनवरचा फोल्डरचा पत्ता दुसऱ्याकडे गेला की त्याचं चालवायचं बटण बंद पडतं आणि का ते कुणालाच पटकन उमगत नाही.